नळीभोवतीचे लाकूड

लाकडी पेनसाठी घेतलेला ठोकळा साधारण २० मिलिमीटर रुंद, तेवढाच जाड आणि बारा-तेरा सेंटिमीटर लांब असतो. त्यातून निघणाऱ्या सडपातळ पेनची जाडी पोटाशी १० मिलिमीटरच्या आसपास भरते आणि आत ७ मिलिमीटरची पितळी नळी असते. छेदाचे क्षेत्रफळ मांडून पाहिले, तर ४०० चौरस मिलिमीटर लाकडातले जेमतेम ४० उरते. बाकी नऊ दशांश लाकूड ढलप्या आणि भुसा होऊन लेथखाली पडते. टोकांशी, जिथे लाकूड धातूच्या कड्याला येऊन मिळते, तिथे तर नळीवरचा थर पाऊण मिलिमीटरही नसतो. पेनचा सारा डौल या थराच्या भरवशावर असतो. कातकाम पाहणाऱ्याची नजर फिरत्या लाकडावर आणि उडणाऱ्या ढलप्यांवर खिळते, ते स्वाभाविकच आहे. पण हा थर टिकणार की तडकणार, याचा निकाल बहुतांशी त्या देखण्या मिनिटांत लागत नाही. तो त्याआधीच्या आणि नंतरच्या कंटाळवाण्या कामांत लागतो, आणि हातकामाचे मोलही तिथेच शोधायला हवे.

पहिले कारण लाकडाच्या स्वभावात आहे. पावसाळ्यात दार चौकटीत अडकते आणि उन्हाळ्यात सुटते, तोच नियम पेनलाही लागू होतो. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही. आडव्या दिशेने मात्र हवेतल्या ओलाव्याबरोबर फुगते आणि आक्रसते. साग हा त्यातल्या त्यात शांत वृक्ष. तरी ओल्या लाकडापासून पूर्ण कोरडे होईपर्यंत तो वर्षवलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आणि त्रिज्येच्या दिशेने सुमारे २.५ टक्के आक्रसतो. पितळ ओलाव्याला दाद देत नाही. टोकाशी पेनचा परिघ २६ मिलिमीटर धरला आणि लाकडातला ओलावा दहा टक्क्यांनी उतरला, तर हे लाकडी कडे मिलिमीटरच्या तिसऱ्या भागाएवढे आवळू पाहते. आत नळी तसूभरही हटत नाही. जागा कुणी तरी सोडायलाच हवी, आणि सोडते ते लाकूड, उभी चीर पाडून. म्हणून कोकणातल्या दमट हवेतला ठोकळा कापून लगेच कातला आणि पेन वातानुकूलित कार्यालयात गेले, तर त्याचे भवितव्य आधीच ठरलेले असते. ठोकळा महिनोन्‌महिने सावलीत पडू देणे, मधून मधून त्याचे वजन करणे आणि वजन उतरायचे थांबल्यावरच त्याला हात लावणे, हे काम म्हणून कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. पण पेनच्या आयुष्याचा मोठा हिस्सा त्यातच आहे.

दुसरी परीक्षा भोक पाडण्याची. ठोकळ्याचे दोन तुकडे करण्याआधी त्यावर खूण करतात. रेषा एका तुकड्यातून दुसऱ्यात सलग गेलेल्या दिसाव्यात म्हणून जोडणी त्याच क्रमाने व्हावी लागते. मग लाकडाच्या उभ्या रेषेत ७ मिलिमीटरचे भोक पडते. ड्रिलचे टोक मऊ-कठीण थरांमधून जाताना सोप्या वाटेकडे सरकू पाहते, म्हणून ते हळू चालवतात आणि पुन्हा पुन्हा बाहेर काढून भुसा झाडतात. तसे केले नाही तर साठलेल्या उष्णतेने ठोकळा आतूनच तडकतो, आणि ती चीर कातून झाल्यावर दिसते. नळी चिकटवण्याआधी तिला काचपेपरने ओरखडे पाडतात, कारण गुळगुळीत पितळावर गोंद धरत नाही. आत गोंद शिरू नये म्हणून बरेच कारागीर नळीचे तोंड बटाट्याच्या चकतीत दाबून बंद करतात. शेवटी टोके नळीशी काटकोनात तासून घेतात. ही तासणी किंचित तिरकी झाली, तर कड्याजवळ केसाएवढी फट राहते आणि नंतरचे कुठलेही पॉलिश ती झाकू शकत नाही. आतापर्यंत लेथवर एक ढलपीही उडालेली नाही, आणि पेन बिघडण्याच्या बहुतेक वाटा मात्र येऊन गेल्या आहेत.

कातणे सोपे आहे, असा याचा अर्थ नाही. तिरकी पटाशी पात्याच्या उताराने लाकडावर टेकवायची, मग धार अलगद उतरवायची. हा क्रम उलटला की टोक लाकडात रुतते आणि थर नळीवरून उचकटून येतो. ज्या दांड्यावर तुकडे चढवलेले असतात, तो टेलस्टॉकने, म्हणजे लेथच्या सरकत्या टोकाने, जरा जास्त आवळला तरी वाकतो आणि पेन एका बाजूला जाड, दुसरीकडे पातळ निघते. घासकामातही मेख आहे. लेथ फिरत असताना काचपेपर लावला की लाकडावर बारीक वर्तुळाकार रेघा उमटतात, आणि त्या पॉलिशखाली अधिकच उठून दिसतात. म्हणून प्रत्येक बारीक कागदानंतर लेथ थांबवून रेषेच्या दिशेने हाताने घासावे लागते. पॉलिश चढवताना कापडाऐवजी कागद वापरतात. अडकलेला कागद फाटतो, कापड बोटाला ओढून नेते. शिसवीचा भुसा त्वचेला आणि श्वासाला बाधतो, त्यामुळे तोंडावरचा मास्क हाही हत्याराइतकाच आवश्यक. सराव झालेला हात हे सारे तासाभरात उरकतो. पण हा वेग आधीची कामे नीट झाली असतील तरच उपयोगी पडतो.

वरच्या लेपाबद्दल वाद आहे. सावंतवाडी आणि चन्नपट्टण इथल्या कातकामात लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबतात. घर्षणाने ती वितळून पसरते, आणि चन्नपट्टणात तिला केवड्याच्या पानाने झळाळी देतात. खेळण्यावर हा लेप शोभतो. पेन मात्र घामाच्या बोटांत रोज घासले जाते, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. हाताला लावलेल्या सॅनिटायझरनेही तिच्यावर डाग पडू शकतो. म्हणून आज अनेक जण झटपट चिकटणाऱ्या सायनोअ‍ॅक्रिलेट गोंदाचे पातळ थर चढवतात. त्यावर आक्षेप असा, की मग बोटाला लाकूड लागतच नाही, लागते प्लास्टिक. आक्षेप खरा आहे. तेल आणि मेण लावलेले पेन हाताला अधिक जिवंत वाटते, पण त्याला वरचेवर पुन्हा मेण लावावे लागते. यातला एकच पर्याय योग्य, असे नाही. पेन कोण, कुठे आणि किती वापरणार हे विचारून लेप ठरवणे, हीच इथली कारागिरी.

याहून मोठा आक्षेप असा, की रिफिल, क्लिप, फिरवण्याचे यंत्र, सगळे कारखान्यातून तयार येते. लाकडाचे दोन तुकडे तेवढे कातले, मग हे हातकाम कसले? इथे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळतात. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी १९३० च्या दशकात एबोनाइटचे स्वदेशी फाउंटनपेन घडवले. त्यांचे पेन गांधीजींचे सहकारी जे. सी. कुमारप्पा यांच्यामार्फत गांधीजींकडे पोचले आणि १९३५ मध्ये गांधीजींनी रत्नम यांना पत्राने पोच दिली. तिथे कुठला भाग कुठून आला हा प्रश्न कळीचा होता, कारण मुद्दा स्वावलंबनाचा होता. कारागिरीचा प्रश्न निराळा आहे. सुतार खिळे आणि बिजागऱ्या स्वतः घडवत नाही, तरी दाराचे श्रेय त्याचेच असते, कारण दार वाकले तर दोषही त्याचाच. पेनमध्ये ज्या भागाला चूक करण्याची मुभा आहे तो भाग लाकूड, आणि त्याची जबाबदारी पूर्णपणे कातणाऱ्याची. मात्र पेन छान लिहिते याचे श्रेय त्याने घेऊ नये. ते रिफिलचे आहे.

मग यंत्राचे काय? संगणकावर चालणारा लेथ हाच आकार अधिक अचूक काढतो, थकत नाही. डेव्हिड पाय या इंग्लिश कारागीर-प्राध्यापकाने १९६८ मध्ये केलेली विभागणी इथे उपयोगी आहे: एका कामात निकाल सुरुवातीलाच पक्का झालेला असतो, दुसऱ्यात तो शेवटपर्यंत धोक्यात असतो. पायने पहिल्याला हलके मानले नाही, आपणही मानू नये. एकसारखी पाचशे पेने हवी असतील तर यंत्रच योग्य. पण यंत्राची खात्री माल एकसारखा असण्यावर उभी असते. गाठीजवळ रेषा उलटलेली बाभूळ आणि सरळ रेषेचा साग यांना एकच चाल मानवत नाही. बाभळीच्या ठोकळ्यात चीर दिसली तर ती टाळून पोट थोडे खाली सरकवावे लागते, किंवा ठोकळाच बाजूला ठेवावा लागतो. यंत्रालाही हे सांगता येते, पण प्रत्येक ठोकळ्यासाठी वेगळे सांगणारा माणूस बसवला की काम पुन्हा हाताच्याच हिशोबाने चालू लागते.

म्हणून ग्राहकाने हातकामाची पारख चकाकीवरून करू नये. लाकूड आणि धातूच्या सांध्यावरून नख फिरवावे. ते अडखळले तर तासणी किंवा घासणी कच्ची आहे. मधल्या कड्याच्या दोन्ही बाजूंना रेषा जुळतात का ते पाहावे. जुळत नसतील तर तुकड्यांची खूण चुकली आहे. आणि पेन किती वेळात केले हे विचारण्यापेक्षा ठोकळा कातण्याआधी किती महिने पडून होता हे विचारावे. ज्याला याचे उत्तर चटकन देता येते, त्याने सांगितलेली किंमत बहुधा रास्त असते.