धावपट्टी अपुरी पडते तेव्हा

७ ऑगस्ट २०२०. कोळिकोडला पाऊस कोसळत होता. दुबईहून आलेल्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या विमानाची चाकं टेकली, तेव्हा जवळपास निम्मी धावपट्टी मागे पडली होती. त्यात वारा पाठीमागून. हा विमानतळ टेकडीचा माथा सपाट करून बांधलेला. पट्टी संपली की थेट उतार. विमान खाली जाऊन त्याचे तुकडे झाले, २१ जण गेले.

विमान असं पट्टीबाहेर जाण्यामागे बहुधा अनेक कारणं एकत्र येतात. पाठीमागून वारा असला की जमिनीवरचा वेग वाढतो, आणि वेग थोडा वाढला तरी थांबण्याचं अंतर बरंच वाढतं. पाणी साचलं असेल तर त्याचा थर टायरखाली शिरतो. मग ब्रेक दाबूनही पकड मिळत नाही. म्हणून पट्टीवर आडव्या खाचा पाडतात, टायरचं चिकटलेलं रबर खरवडून काढतात.

माझ्या मते सर्वांत मोलाचा उपाय मात्र कॉकपिटमध्येच आहे. वेग, उंची, दिशा जुळत नसेल तर उतरायचा हट्ट सोडून पुन्हा वर जायचं, म्हणजे 'गो-अराउंड'. कोळिकोडला सहवैमानिकाने तसं सुचवलं होतं. मंगळूरला २०१० मध्ये विमान असंच पट्टीबाहेर गेलं, तेव्हाही सुचवलं गेलं होतं. तिथे १५८ जीव गेले. म्हणून वैमानिक दुसऱ्यांदा फेरी घेतो तेव्हा प्रवाशांनी उशिराबद्दल कुरकुर करू नये, ही कळकळीची विनंती.

विमान पट्टीबाहेर गेलंच तर थांबावं म्हणून काही विमानतळांवर पट्टीच्या टोकाला ठिसूळ काँक्रीटचे ठोकळे अंथरतात. त्यात चाकं रुततात. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर १९९९ मध्ये एक छोटं प्रवासी विमान असंच रुतून थांबलं. पलीकडे खाडीचं पाणी होतं.