गाजर गवत उपटण्याआधी

पावसाने जोर धरला की परभणीत दोन गोष्टी एकदमच वाढतात, श्रमदानाच्या हाका आणि गाजर गवत. स्वातंत्र्यदिनाच्या आसपास कुठले तरी मंडळ, राष्ट्रीय सेवा योजनेची मुले, सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा एखादा गट खुरपी घेऊन बाहेर पडतो. राजगोपालाचारी उद्यान असो, कृषी विद्यापीठाच्या परिसरातली पायवाट असो की कॉलनीतली मोकळी जागा, पहिला हात याच गवताला घातला जातो. बहुतेक वेळा उघडा हात.

पंचाईत इथेच होते. नावात गवत असले तरी ही वनस्पती सूर्यफुलाच्या कुळातली. तिच्या पानांवरच्या लवीत आणि परागांत पार्थेनिन नावाचे रसायन असते. ते एकदा लागले म्हणून लगेच काही होत नाही, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. पण वारंवार संपर्क आला की काहींच्या शरीरातल्या रोगप्रतिकारक पेशी ते 'ओळखू' लागतात. मग पुढच्या वेळी एक-दोन दिवसांनी पापण्या, मान, कोपराची खाच इथे खाज सुटते, कातडी लाल होऊन जाड पडते. ही अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा पिच्छा सोडत नाही. परागांमुळे शिंका आणि दम्याचा त्रास होतो, तो वेगळाच. ज्यांना आधीच दमा आहे किंवा असे चट्टे उठलेले आहेत, त्यांनी गवताच्या वाटेला जाऊच नये. आळी करणे, मुरूम पसरणे, झाडांना पाणी घालणे अशी कामे काय कमी असतात?

बाकीच्यांनी रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि नाका-तोंडावर रुमाल एवढे करावेच. घरी गेल्यावर आधी आंघोळ, आणि ते कपडे वेगळे धुवावेत.

काम कधी करायचे, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. आपल्या काळ्या मातीत भर पावसात पाय रुततो आणि उन्हात मुळे तुटून राहतात. वाफसा आला की झाड मुळासकट अलगद निघते. मात्र फुले येण्याआधी. उगवल्यापासून महिना-दोन महिन्यांत ते फुलते आणि एकेक झाड दहा ते पंचवीस हजार बिया टाकते. फुलावर आलेले गवत उपटून ओढत नेणे म्हणजे वाटभर पेरणीच! फुलाआधीचे गवत खड्ड्यात कुजवले तर चांगले खत होते. वाळवून पेटवू मात्र नका, धुराबरोबर तेच कण नाकात जातात. वर्षाकाठी त्याच्या तीन-चार पिढ्या उगवत असल्याने एक दिवसाचे, फोटोपुरते श्रमदान मला तरी वाया गेल्यासारखेच वाटते. दर महिन्याला तासभर आलेली पाच माणसे त्यापेक्षा जास्त काम करतात.

देशात 1955च्या सुमारास पुण्यात हे गवत प्रथम नोंदले गेले. परदेशी धान्यातून ते आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्याला खाणारा मेक्सिकन भुंगाही बाहेरूनच आणावा लागला. 1984 साली बेंगळुरूत तो प्रथम सोडला गेला. परभणीकरांना त्यासाठी लांब जायला नको. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात या भुंग्यांवर काम चालते. साधारण अर्धा सेंटिमीटर लांबीचा, मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी उभ्या रेघा असलेला हा किडा पावसाळ्यात पानांचा फडशा पाडतो आणि पुढे जमिनीत शिरून झोपी जातो. हा सूर्यफुलावर उतरेल अशी धास्ती एकेकाळी होती, पण ते काही त्याचे आवडीचे खाद्य नाही. तेव्हा तो दिसला तर चिरडू नका, आणि भुंगे लागलेला पट्टा उपटायचाही नाही. तिथे ते आपले काम करतात, आपण दुसरीकडे करावे.

याचा माणसाला फायदा काय? खुरपणे, खणणे, घमेली उचलणे हा मध्यम श्रमाचा व्यायाम आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटे तेवढा व्यायाम सांगते. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात 541 ओसाड जागा घेऊन एक प्रयोग झाला. त्यातल्या काही जागा साफ करून तिथे हिरवळ आणि झाडे लावली, काहींना हात लावला नाही. हिरव्या केलेल्या जागांजवळच्या रहिवाशांत 'उदास वाटते' असे सांगणाऱ्यांचे प्रमाण, काहीच न केलेल्या जागांजवळच्यांच्या तुलनेत, 41.5 टक्क्यांनी घटले. हा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला.

उपटून मोकळी झालेली जागा तशीच सोडली तर पुढच्या सरीला गाजर गवतच उगवते. तिथे तरोटा येऊ द्यावा. तो दाट वाढून त्याला दाबतो. त्याच्या शेंगा हिवाळ्यात रस्त्याकडेला वाळलेल्या मिळतात. पिशवीभर बी गोळा करून ठेवले की पुढच्या मृगाच्या आधी फेकायला होते.