‘सैराट’चे संगीत : मतमतांतरे

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ असे आपण म्हणतो. पण एकाच गाण्याविषयी एकाच घरात चार मते कशी असू शकतात, हे मला गेल्या श्रावणात नीट उमगले. सोमवारची यात्रा होती. कपर्दिकेश्वराचे दर्शन घेऊन आम्ही मैत्रिणी मांडवीच्या काठाने परतत होतो. एकीकडे कुस्त्यांचा आखाडा भरला होता आणि तेथे हलगी कडाडत होती. दुसरीकडे पाळण्यांजवळच्या कर्ण्यावर ‘झिंगाट’ लागले होते. एका मैत्रिणीचे पाय तेथेच थिरकू लागले. दुसरी म्हणाली, “हे काय गाणं आहे? नुसता गोंगाट!” आखाड्यात हलगी वाजवणाऱ्यांमध्ये माझे वडील होते. रात्री जेवताना मी त्यांना या वादाविषयी विचारले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “ठेका आपलाच हाय पोरी, पर सुपारी डीजेवाल्याला.”

मित्रहो, या एका वाक्याने मला विचारात पाडले. ‘सैराट’ प्रदर्शित झाला २९ एप्रिल २०१६ रोजी. त्या वेळी मी प्राथमिक शाळेत होते. इतकी वर्षे लोटली, तरी त्यातील गाण्यांविषयीचा वाद मिटलेला नाही. हा वाद नेमका कशाचा आहे, तो या लेखात मांडून पाहते.

‘सैराट’ हा दिग्दर्शक नागराज मंजुळे यांचा दुसरा मोठा चित्रपट. पहिला ‘फँड्री’, तो आपल्याकडे फेब्रुवारी २०१४ मध्ये आला. ‘फँड्री’च्या कथेत गाणे नव्हते. अजय-अतुल यांनी त्यासाठी एक गाणे केले होते, पण ते जाहिरातीपुरते. ‘सैराट’मध्ये मात्र त्याच अजय-अतुल यांची चार गाणी आली : ‘याड लागलं’, ‘आताच बया का बावरलं’, ‘सैराट झालं जी’ आणि ‘झिंगाट’. पहिल्या कलाकृतीवर मनापासून प्रेम करणाऱ्यांना दुसरी कलाकृती वेगळी निघाली की फसवल्यासारखे वाटते. येथेही तसेच झाले. ‘फँड्री’च्या शेवटी भिरकावलेला दगड ज्यांच्या जिव्हारी लागला होता, ते म्हणू लागले की या माणसाने आता दगड टाकून दिला आणि लोकांना नाचायला लावले. हा पहिला आक्षेप.

दुसरा आक्षेप संगीताच्या जाणकारांचा. या गाण्यांसाठी अमेरिकेत, लॉस एंजेलिसजवळच्या सोनी स्टुडिओत पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण झाले. १९३९ सालच्या ‘विझर्ड ऑफ ओझ’ या प्रसिद्ध चित्रपटाचे संगीत जेथे ध्वनिमुद्रित झाले, तेच हे दालन. आता करमाळ्याच्या केळीच्या बागा, विहिरी आणि उजनीचे पाणी दाखवायचे आणि त्यामागे हॉलिवूडची व्हायोलिने लावायची, हे विजोड नाही काय, असे हे रसिक विचारतात. माती इथली, मग सूर तिकडचे कशाला?

या आक्षेपाचे उत्तर शोधताना मला आपल्याच देवळातील पेटी आठवली. पेटीवाचून आज एकही भजन उभे राहत नाही; पण ही पेटी मूळची युरोपातील. तिच्यावरही आपल्या देशात मोठा वाद झाला. तिचे स्वर बांधलेले असतात, त्यांत मींड निघत नाही, म्हणून आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. तेवढ्या काळात गावोगावचे भजनी मंडळ मात्र पेटीवर भजन म्हणतच राहिले. परके वाद्य आपले केव्हा होते, हे जाणकार ठरवीत नाहीत. ज्यांचे पोट आणि मन त्यात गुंतते, तेच ठरवितात.

शिवाय हा प्रयोग अगदी नवाही नाही. अजय-अतुल ज्यांना गुरुस्थानी मानतात, त्या इळैयराजा यांनी १९७६ मध्ये ‘अन्नक्किळी’पासून तमिळ खेड्यांतील चाली आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणला. त्याच इळैयराजांनी मार्च २०२५ मध्ये लंडनला स्वतःची सिंफनी सादर केली. खेड्यातील माणसाने मोठी स्वप्ने मोठ्या वाद्यांत पाहू नयेत, असा नियम कोणी केला? अजय-अतुल यांच्या घरात गाण्याबजावण्याचा वारसा नव्हता. वडील महसूल खात्यात नोकरीला. त्यामुळे बालपण आपल्याच पुणे जिल्ह्यातील गावांतून गेले. घराण्याचा आधार नसताना एखाद्या विद्येच्या दारात उभे राहणे म्हणजे काय, हे माझ्यासारख्या, घरात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढणाऱ्या मुलीला निराळे सांगावे लागत नाही. करमाळ्याच्या पोराच्या पहिल्या प्रेमालाही शंभर तारांचा आवाज शोभतो, असे या दोघा भावांना वाटले. मला ते पटते.

तिसरा आक्षेप माझ्या वडिलांचा. आणि तो मला सर्वांत जड वाटतो. हलगी हे कातड्याचे वाद्य. वाजवण्यापूर्वी ते विस्तवावर शेकावे लागते. मग कातडे ताणते आणि आवाज खणखणीत होतो. दोन काठ्या, एक जाड आणि एक बारीक. तिची लिपी नाही, पुस्तक नाही. बापाच्या हाताकडे पाहत मुलगा शिकतो. वाद्यवृंदातील वादकासमोर कागदावर लिहिलेले स्वर असतात; माझ्या वडिलांसमोर असतो तो मल्लांचा पवित्रा. डाव रंगला की ठेका चढतो, कुस्ती अडली की तो घोटाळतो. ‘झिंगाट’च्या जोशामागे असाच रांगडा ठेका आहे. गाणे गाजले, त्याबरोबर ठेकाही गाजला. पण वरातीत हलगीवाल्याची जागा भिंतीएवढ्या ध्वनिक्षेपकांनी घेतली. अर्थात हा दोष एका गाण्याचा नव्हे. डीजे त्याच्या आधीच आला होता. तरीही ज्या वाद्याच्या जोरावर गाणे नाचते, ते वाजवणारा हात घरी बसून राहावा, ही खंत खोटी कशी म्हणावी?

गंमत अशी की २०१८ मध्ये ‘धडक’ या हिंदी चित्रपटात ‘झिंगाट’ आले, तेव्हा आपल्याकडचे पुष्कळ श्रोते नाराज झाले. त्याला गोंगाट म्हणणारेही “मूळचं ते मूळचंच” असे म्हणू लागले. तात्पर्य, आपल्या माणसाला नावे ठेवण्याचा हक्क आपण फक्त स्वतःकडेच ठेवतो.

चौथा आक्षेप आयाबायांचा आणि वडीलधाऱ्यांचा. ही गाणी ऐकून पोरी बिघडतात, असे तो आहे. मित्रहो, हा आक्षेप मी हसण्यावारी नेऊ शकत नाही, कारण तो माझ्या अंगावर आला आहे. ‘सैराट’ हा शब्द आता खेड्यापाड्यांत धाक म्हणून वापरला जातो. बारावीनंतर मी महाविद्यालयात जाणार हे ठरले, तेव्हा आमच्या आत्या अण्णांना म्हणाल्या, “दादा, जपून रं. उद्या पोरगी सैराट झाली म्हंजी?” गाणे लिहिणाऱ्यांनी तो शब्द मोकळ्या वाऱ्यासारखा वापरला होता, आमच्या घरात तो दाराला कडी घालण्यासाठी आला.

येथे मला चित्रपटाच्या बांधणीतील एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. जवळजवळ तीन तासांच्या या चित्रपटात चारही गाणी पूर्वार्धातच संपतात. आर्ची आणि परशा घर सोडून पळतात, आणि त्यांच्यामागून गाणे काही जात नाही. परक्या शहरातील झोपडपट्टी, उपासमार, संशय, कष्ट. यांतले काहीही गाण्यात बांधलेले नाही. आणि अखेरीस, त्या दोघांचा खून झाल्यावर त्यांचे तान्हे पोर रक्तात पाय भरवून दाराबाहेर येते, तेव्हा संगीत तर नाहीच, पण आवाजही नाही.

आम्ही घरी दूरचित्रवाणीवर हा चित्रपट पाहिला, तेव्हा त्या क्षणी चुलत्यांनी रिमोट उचलून आवाज वाढवून पाहिला. आजीने विचारले, “आवाज गेला का रं?” कोणीच उत्तर दिले नाही. पूर्वार्धात ‘झिंगाट’वर चटईवर नाचलेली आम्ही पोरे गप्प बसलो होतो. आजी पदर तोंडाला लावून उठली आणि आत गेली.

तो सन्नाटा ऐकल्याशिवाय त्या चार गाण्यांविषयी मत देणे अपुरे आहे, असे माझे नम्र मत आहे. गाणी जितकी मोठी, जितकी भरलेली, तितकी शेवटची शांतता खोल. वाद्यवृंद छोटा असता, तर ती एवढी बोचली नसती. म्हणून ‘फँड्री’चा दगड टाकून दिला, हे मला मान्य नाही. या वेळी तो गाण्यांच्या फुलांत लपवून आमच्या हाती दिला. दुर्दैव एवढेच, की आपण वरातीत फुलेच तेवढी उधळतो आणि दगड घरी विसरतो. आत्यांनी चित्रपटाचा शेवट पाहिला होता. तरीही त्यांना भीती पोरीच्या पळण्याची वाटली, मारणाऱ्या हातांची नाही. गाण्यांवरचे आपले मतभेद पुष्कळदा संगीताचे नसतातच. आपण कोणाला दोषी धरतो, याचे ते असतात.

त्या दिवशी अण्णांनी आत्यांना काय उत्तर दिले, हे सांगून लेख पुरा करते. ते वाद घालणारे गृहस्थ नव्हेत. त्यांनी मला हाक मारली, “फोटो काढून आण गं दोन, पासाला लागतील,” आणि दुसऱ्या दिवशी स्वतः एसटी स्टँडवर रांगेत उभे राहून माझा पास काढून आणला. ‘झिंगाट’ त्यांना अजूनही आवडत नाही. मला आवडते. आमचे एका घरात ठीक चालले आहे.