प्रौढ कंपनीचा वाढीचा आलेख

खासगी व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरला निवृत्तिवेतन नसते. उमेदीच्या वर्षांत साठवलेल्या पुंजीवरच उत्तरायुष्याची भिस्त असते. म्हणून आपल्यातील अनेकजण समभागांकडे वळतात, आणि नामवंत संगणक कंपनीचे नाव दिसले की निश्चिंत होतात. कंपनी उत्तम, म्हणजे तिचा समभाग कोणत्याही भावाला उत्तम, असे त्यामागचे गृहीतक असते. ते किती महाग पडू शकते, हे मायक्रोसॉफ्टच्या उदाहरणावरून दिसते.

डिसेंबर १९९९ मध्ये या कंपनीचे बाजारमूल्य ६०० अब्ज डॉलरवर गेले होते. जून २००० अखेरच्या आर्थिक वर्षातील तिचा निव्वळ नफा सुमारे ९.४ अब्ज डॉलर होता. म्हणजे एक डॉलर वार्षिक नफ्यासाठी गुंतवणूकदार ६४ डॉलर मोजत होते. पुढील दहा वर्षांत नफा दुप्पट होऊन १८.८ अब्जांवर गेला. समभागाचा भाव मात्र निम्म्याहून खाली आला. १९९९ चा उच्चांक ओलांडायला २०१६ साल उजाडले. पन्नाशीत तो समभाग घेणाऱ्याला, मधला लाभांश सोडल्यास, केवळ मुद्दल परत दिसण्यासाठी सदुसष्टी गाठावी लागली.

बालरोगतज्ज्ञाला यात नवल वाटू नये. बाळाचे वजन पाचव्या महिन्याच्या सुमारास जन्मवजनाच्या दुप्पट आणि वर्षाअखेर तिप्पट होते. हाच वेग पुढे धरला, तर तीन किलोंचे बाळ तिसऱ्या वाढदिवशी एक्याऐंशी किलोंचे व्हायला हवे! तेजीतला बाजार नेमके हेच गणित मांडतो.

यावर उपाय म्हणजे उलट हिशेब करणे. आजच्या भावात किती वाढ गृहीत धरली आहे, हे आधी पाहावे. ६०० अब्जांवर दहा वर्षे दरसाल १० टक्के परतावा हवा असेल, तर बाजारमूल्य सुमारे १५५० अब्ज व्हायला हवे. दहा वर्षांनी नफ्याच्या २० पट भाव मिळेल असे उदारपणे धरले, तरी नफा ७८ अब्जांच्या घरात हवा. त्यासाठी दहा वर्षे दरसाल २३ ते २४ टक्के वाढ लागते. प्रत्यक्षात ती सुमारे ७ टक्के झाली. उलट जून २०१० अखेर भाव नफ्याच्या जेमतेम ११ पट होता. जणू कंपनीची वाढ संपलीच, असे बाजाराने मानले होते. तेही खरे ठरले नाही.

तथापि स्वस्त भाव हा निरोगीपणाचा दाखला नव्हे. वाढ मंदावणे हा वयाचा धर्म आहे, खुरटणे हा आजार आहे. दोहोंतील भेद ओळखण्यासाठी तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, कागदावरील नफ्याइतकी रोकड खरोखर हाती येते का. दुसरी, त्या रोकडीचे काय होते. मायक्रोसॉफ्टने २००३ मध्ये प्रथमच लाभांश दिला, हे प्रौढत्वाचे लक्षण होते. पण याच कंपनीने २०१४ मध्ये नोकियाचा फोन-व्यवसाय घेतला आणि २०१५ मध्ये त्यापोटी सुमारे ७.६ अब्ज डॉलर बुडीत दाखवले. तिसरी, ग्राहक टिकून आहे का. सन मायक्रोसिस्टिम्स हीदेखील १९९९-२००० च्या तेजीतील लाडकी कंपनी होती. स्वस्त सर्व्हरकडे ग्राहक वळले, तोटे वाढले आणि २०१० मध्ये ती ओरॅकलमध्ये विलीन झाली.

आपल्याकडील माहिती तंत्रज्ञान कंपन्यांनाही हीच कसोटी लावावी. एका भेटीतील वजनावरून आपण मुलाचे निदान करीत नाही, आलेख मागतो. कंपनीच्याही किमान दहा वर्षांच्या नफ्याचा आणि रोकडीचा आलेख मागावा. खरेदीपूर्वी एका कागदावर लिहावे: या भावात वाढीचा कोणता दर गृहीत आहे, आणि त्याच्या निम्माच दर राहिला तर माझ्या पुंजीचे काय होईल? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोसवणारे नसेल, तर कंपनी कितीही थोर असो, तो भाव आपल्यासाठी नाही.