हॉटेलचे दार उघडले. टाकीत कोण उतरतो?

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये हॉटेलांचा स्पष्ट उल्लेख आहे. देशाच्या सर्वोच्च कायद्यात हॉटेलाचे काय काम, असे एखाद्या विद्वानाला वाटेल. ज्यांना पैसे मोजूनही कोणी पाठ टेकू दिली नाही, त्यांना असा प्रश्न पडत नाही.

१९१७ साली कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. पदवी घेतलेले बाबासाहेब बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले. राहायला जागा मिळेना. पारशी नाव लावून ते एका पारशी पथिकाश्रमात राहिले. जेवणासह रोजचा दर दीड रुपया. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम देऊन गेले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती अशा दोन स्नेह्यांनीही आसरा दिला नाही. मुंबईची गाडी रात्री होती. तोवरचा वेळ बाबासाहेबांनी कामाठी बागेत काढला. तीच आपली संकल्पभूमी.

त्या बागेला लागून असलेल्या सयाजीगंज भागात आज मोठमोठी हॉटेले उभी आहेत. कामानिमित्त मी अशाच एका महागड्या हॉटेलात दोन रात्री राहिलो. सकाळी संकल्पभूमीला वंदन केले, मग सूरसागर, मांडवी आणि पूर्वी जिथे जिल्हा न्यायालय भरत असे ते न्यायमंदिर पाहिले. हॉटेलच्या काउंटरवर मी माझे खरे नाव लिहिले आणि चावी घेतली. ही पैशाची किमया म्हणावी काय? पैसे तर बाबासाहेबही मोजत होते! ही संविधानाची ताकद आहे.

परंतु आपल्याला खोली मिळाली म्हणजे लढा संपला, असे समजणाऱ्या आपल्यातील सुस्थित बांधवांनी याच जिल्ह्यातील डभोई तालुका आठवावा. जून २०१९ मध्ये तेथील एका हॉटेलच्या मैलाटाकीत सात जण गुदमरून मेले. चार सफाई कामगार होते, तीन हॉटेलचे नोकर. आत गेलेला पहिला माणूस वर येईना, म्हणून बाकीचे एकामागून एक उतरले.

कायदा नव्हता काय? होता. २०१३ च्या हाताने मैला सफाई प्रतिबंधक कायद्याचे कलम ७ कोणालाही, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे, अशा धोकादायक सफाईसाठी माणूस लावण्यास मनाई करते. 'काम ठेकेदाराला दिले होते' ही मालकाची पळवाट 'अप्रत्यक्षपणे' या एका शब्दाने बंद होते. पहिल्याच गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. पण पोलीस ठाण्यात 'अपघाती मृत्यू' एवढीच नोंद झाली, तर हे कलम कागदावरच राहते. विधवेला भरपाईचा हक्क कोणी सांगत नाही.

म्हणून आपल्या वकील बांधवांनी अशी बातमी येताच पोलीस ठाणे गाठावे, फिर्यादीत कलम ७ लिहूनच घ्यावे. आणि ज्यांच्या मुलामुलींची लग्ने आज मोठ्या हॉटेलांत लागतात, त्यांनी हॉल ठरवताना मालकाला तोंडावर विचारावे, तुमची टाकी यंत्राने साफ होते की माणसाने? उत्तर 'माणसाने' असेल, तर तो हॉल आपला नव्हे.