शुद्ध नवमीची संध्याकाळ

गेटवे ऑफ इंडियासमोर शिडाच्या बोटीतून सूर्यास्त दाखवून आणणारी मंडळी आता बरीच आहेत. दोन तासांची फेरी, हातात ग्लास, सोबत काहीतरी चटपटीत आणि पोराटोरांना मज्जाव. पनवेल-खारघरचे हौशी लोकही त्यासाठी हार्बर लोकल किंवा अटल सेतू धरून कुलाबा गाठतात. मात्र या बेतात भूगोलाची एक खोच आहे. १९२४ साली पूर्ण झालेल्या गेटवेचं तोंड पूर्वेला आहे, कारण मुंबईचं बंदरच बेटाच्या पूर्वेला आहे. त्यामुळे बोट धक्का सोडून आत गेली की सूर्य पाण्यात न मावळता ताजच्या आणि कुलाब्याच्या इमारतींमागे मावळतो.

शंभर मीटर उंचीची इमारत दोन किलोमीटरवरून पाहिली, तर ती क्षितिजावरचं जवळजवळ तीन अंश आकाश झाकते. आपल्या अक्षांशावर मावळता सूर्य तासाला साधारण चौदा अंश खाली उतरतो. म्हणजे पंचांगात छापलेल्या वेळेच्या बारा मिनिटं आधीच गेटवेवाल्यांचा सूर्यास्त उरकतो. पैसे मात्र पुरे मोजलेले असतात.

पनवेलच्या खाडीचं नेमकं उलट आहे. गाढी नदीचं पाणी घेऊन ही खाडी पश्चिमेला जाते आणि एका हाताला बेलापूर, दुसऱ्या हाताला उलवे ठेवून बंदराला मिळते. तिच्या मुखाशी मावळतीच्या दिशेला उघडं पाणी आहे. सूर्यास्ताची जागा आपल्याकडे वर्षभरात सुमारे ५० अंश सरकते. डिसेंबरात सूर्य घारापुरीच्या बाजूला बुडतो, तर जूनमध्ये ट्रॉम्बेच्या टेकडीच्याही उत्तरेला. जूनमध्ये अर्थात कोणी शीड उभारत नाही. पावसाळ्यात गेटवेच्या फेऱ्याही बंद असतात.

मग घरची खाडी सोडून लोक कुलाब्याला का जातात? एक कारण सोयीचं. धक्के, तरंगत्या जेटी, बोटी, सगळं तिकडे आहे. खरी अडचण मात्र चंद्राची आहे.

रेल्वे येण्यापूर्वी मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस होडीत बसून पनवेलला उतरे आणि तिथून बोरघाट चढे. १८६३ मध्ये घाटातून आगगाडी सुरू झाली आणि पनवेल बंदराचं हे महत्त्व ओसरलं. तोवर मुंबई-पुणे प्रवासाचं वेळापत्रक ठरवायची ती भरती. खाडी उथळ, तळाला गाळ. पाणी चढलेलं असेल तर गलबत आत यायचं, नाहीतर चिखल बघत थांबायचं. आजही खाडीच्या आतल्या भागाची हीच गत आहे.

मुंबईच्या बंदरात दिवसातून दोनदा भरती येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्य आणि चंद्र एका ओळीत येऊन ओढतात, तेव्हा उधाण असतं. भरती-ओहोटीच्या पातळीतला फरक तेव्हा साडेतीन मीटरच्या वर जातो, काही दिवस तर पाच मीटरच्या जवळ. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनात असते. ती भांगाची भरती. फरक जेमतेम दीड मीटर, प्रवाहही मवाळ. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच मागे पडते. कोकणातल्या दर्यावर्दी लोकांनी यावरून एक सोपं गणित बसवलं आहे. तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळेल. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराला. सकाळी एकदा आणि साधारण साडेबारा तासांनी पुन्हा एकदा. या उत्तरात अर्ध्या-पाऊण तासाची चूक निघते, भांगाच्या दिवसांत जरा जास्तच. पण घड्याळाशिवाय, कागदाशिवाय, भिंतीवरच्या कालनिर्णयातून एवढं हाती लागत असेल तर तक्रार कशाला करायची!

आता हे गणित मावळतीच्या सफरीला लावून पाहा. पौर्णिमेची रात्र म्हणजे नौकाविहार अशी आपली ठाम समजूत आहे. पश्चिमेला सूर्य बुडतोय आणि त्याच वेळी पूर्वेला प्रबळगडामागून पूर्ण चंद्र वर येतोय, हे दृश्य पौर्णिमेलाच मिळतं, हेही खरं. पण त्या दिवशी भरती दुपारी बाराच्या आसपास येऊन गेलेली असते. संध्याकाळी सहा वाजता ओहोटी तळ गाठते, तीही उधाणाची. गेटवेसमोर पाणी खोल आहे, तिथे काही अडत नाही. पनवेलच्या खाडीत मात्र पौर्णिमेची संध्याकाळ ही बगळ्यांची आणि चिखल्यांची, शिडाची नव्हे. खाडीला सूर्यास्ताच्या वेळी पाण्याने भरलेली पाहायची तर सप्तमी ते नवमी हेच दिवस.

दुसरी अडचण वाऱ्याची. जमीन लवकर तापते आणि पाणी उशिरा, कारण पाण्याची विशिष्ट उष्माधारकता दगडमातीच्या चार-पाच पट आहे. शिवाय पाणी घुसळलं जातं आणि उष्णता खोलवर वाटली जाते. दुपारी जमिनीवरची हवा तापून वर उठते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून खारे वारे येतात. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात मुंबई-पनवेल पट्ट्यात हे वारे दुपारी पश्चिम-वायव्येकडून जोर धरतात. ऊन उतरलं की त्यांचा दम संपतो. रात्री जमीन पाण्यापेक्षा थंड झाली की उलटे, जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहू लागतात. या दोन पाळ्यांच्या मधली फट नेमकी सूर्यास्ताच्या आसपास पडते. म्हणजे शिडाच्या बोटीसाठी आपण जी वेळ निवडतो, ती वारा पडण्याची वेळ. जाहिरातीत जिला ‘निवांत’ म्हणतात ती अवस्था हवेच्या दाबातला फरक मिटल्याने आलेली असते आणि परतताना नावाडी गुपचूप इंजिन सुरू करतो.

चार-साडेचारला निघालं तर शिडाचं खरं काम दिसतं. खाडीतून पश्चिमेला जायचं म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर जायचं. वारा पाठीशी असेल तर शीड नुसतं ढकललं जातं, त्यात नवल नाही. वाऱ्याकडे जाताना फुगलेलं शीड वाहत्या हवेला वळवतं आणि हवा वळली की शिडाला उलट दिशेचा रेटा मिळतो. हा रेटा बराचसा आडवा असतो. तो बोटीला बाजूला सरकवायला बघतो, पण तळाखालचा कणा पाण्यात पात्यासारखा उभा असतो. तो आडवं सरकू देत नाही, पुढे सरकू देतो. दोन्हींच्या ओढाताणीतून बोट वाऱ्याशी साधारण ४५ अंशांचा कोन करून पुढे जाते. थेट वाऱ्यात कुठलीच शिडाची बोट जात नाही. म्हणून नागमोडी जायचं, दर वळणावर शीड या बाजूचं त्या बाजूला. या वळणांच्या वेळी आडवा दांडा डोक्यावरून फिरतो. ग्लास त्यानंतर भरावा हे उत्तम.

आता ग्लासाकडेच वळू. आपल्या कानाच्या आतल्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, द्रवाने भरलेल्या. प्रत्येकीत जेलीसारखा एक पडदा असतो. डोकं फिरलं की द्रव मागे रेंगाळतो, पडदा वाकतो आणि मेंदूला गोल फिरल्याची खबर जाते. पडद्याची आणि द्रवाची घनता सारखी असते, म्हणून गुरुत्वाकर्षणाने पडदा वाकत नाही. मद्यार्क पाण्यापेक्षा हलका. तो रक्तातून आधी पडद्यात शिरतो आणि आजूबाजूच्या द्रवात सावकाश. तेवढा वेळ पडदा द्रवापेक्षा हलका होऊन तरंगू पाहतो. माणूस आडवा झाला की खोली फिरायला लागते, ती यामुळे. काही तासांनी दोन्हीकडची घनता सारखी होते, भोवळ थांबते. मग मद्यार्क पडद्यातून आधी बाहेर पडतो आणि तीच गंमत उलट दिशेने सुरू होते. सकाळचं गरगरणं त्या खात्यावर.

बोटीवर यात लाटांची भर पडते. बोट लागणं म्हणजे डोळे आणि कान यांच्या साक्षींत तफावत. डोळ्यांना डेक स्थिर दिसतो, कान म्हणतात आपण हलतोय. यावर जुना उपाय असा की बोटीच्या मध्यावर बसावं आणि नजर क्षितिजावर ठेवावी, म्हणजे डोळेही कानाशी सहमत होतात. सूर्यास्ताच्या सफरीत हे क्षितिजच हळूहळू काढून घेतलं जातं. आपल्याकडे संधिप्रकाश फार टिकत नाही. विषुवदिनी सूर्याची पूर्ण थाळी इथे सव्वादोन मिनिटांत बुडते, लंडनला तिला सुमारे साडेतीन मिनिटं लागतात. त्यानंतर वीसएक मिनिटांत उजेड सरतो. जाताना ठणठणीत असलेल्या माणसाला परतताना मळमळतं, त्याचा दोष नेहमी बिचाऱ्या कोळंबीवर येतो.

मद्याने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यामुळे ऊब वाटते आणि प्रत्यक्षात शरीरातली उष्णता बाहेर जाते. मूत्रपिंडांना पाणी राखायला सांगणारं संप्रेरकही मद्यामुळे कमी होतं. वर खारट चखणा. खारे शेंगदाणे बिअरबरोबर का जमतात, याचं मात्र चांगलं उत्तर आहे. मिठातलं सोडियम जिभेवर कडवटपणा दाबतं. बिअर कडू कमी लागते, धान्याचा गोडवा वर येतो, तहान वाढते आणि पुढची मागवली जाते. विक्रेत्यांना हे रसायनशास्त्र न शिकता कळलेलं आहे. ‘फक्त प्रौढांसाठी’ या पाटीबद्दलही एक गोष्ट लक्षात असू द्या. मतदानाला १८ वर्षं पुरतात, पण महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि कडक दारूला २५ पूर्ण लागतात. बोटीला वेगळा कायदा नाही.

इतकं करून सूर्य समोर आला की तो लाल का, हे शाळेत शिकवलेलं असतं. लहान लांबीच्या लहरी हवेतले रेणू जास्त विखुरतात, निळा प्रकाश तांबड्याच्या चौपटीहून अधिक. क्षितिजावरच्या सूर्याचा प्रकाश माथ्यावरच्या सूर्याच्या तुलनेत जवळजवळ चाळीस पट हवा ओलांडून येतो. तेवढ्या वाटेत निळा गळून पडतो. प्रदूषणाने सूर्यास्त अधिक रंगतो, असं मात्र म्हणू नये. धुळीचे आणि धुराचे जाडे कण सगळे रंग सारखेच विखुरतात आणि आकाश मातकट करतात. जानेवारीत बंदरावर धुरकं असलं की सूर्य फिका नारिंगी होऊन क्षितिजाच्या वरच विरून जातो. पाऊस ओसरून हवा धुतलेली असते, ते दिवस रंगांचे.

याच बंदराशी रंगांच्या विज्ञानाची एक ठळक नोंद जोडलेली आहे. सप्टेंबर १९२१ मध्ये युरोपहून परतणारे चंद्रशेखर वेंकट रामन ‘नारकुंडा’ बोटीने मुंबईत आले. भूमध्य समुद्राच्या निळाईने त्यांना छळलं होतं. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, हे लॉर्ड रॅले यांचं मत त्यांना पटेना. जवळच्या निकोल लोलकातून, म्हणजे प्रकाश ध्रुवित करणाऱ्या (एकाच दिशेत कंपू देणाऱ्या) स्फटिकातून, त्यांनी पृष्ठभागावरचं प्रतिबिंब जवळपास पुसून टाकलं, तरी निळाई उरली. म्हणजे पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरत होते. ‘नेचर’ला धाडलेल्या त्यांच्या पत्राखाली पत्ता आहे तो मुंबई बंदरातल्या बोटीचा. पुढे १९२८ चा शोध आणि १९३० चं नोबेल, हे याच प्रश्नाचा माग काढत.

निकोल लोलक आज कोणाकडे नसतो, पण पोलरॉइड गॉगल असतो. मावळतीला तो लावून माथ्यावरचं आकाश पाहा आणि चष्मा डोळ्यांसमोर हळूहळू गोल फिरवा. सूर्यापासून ९० अंशांवरचा प्रकाश सर्वांत जास्त ध्रुवित असतो आणि त्या क्षणी तो पट्टा बरोबर डोक्यावर असतो. चष्म्याच्या एका स्थितीत आकाश गडद होतं, दुसऱ्या स्थितीत उजळतं. पाण्यावर हा प्रयोग करून रामनची निळाई शोधाल तर मात्र निराशा होईल. गाळाने भरलेल्या खाडीत प्रतिबिंब पुसल्यावर खाली उरतो तो चहाचा रंग.

आणि सूर्य बुडाल्यावर सगळे मोबाइल खिशात घालतात तेव्हा उलट बाजूला वळा. पूर्वेला, प्रबळगड-माथेरानच्या रांगेवर, निळसर करडा पट्टा वर चढताना दिसतो आणि त्याच्या डोक्यावर गुलाबी झालर. करडा पट्टा म्हणजे खुद्द पृथ्वीची वातावरणावर पडलेली सावली. हवा स्वच्छ असेल तर दहा-पंधरा मिनिटं ती स्पष्ट दिसते. गेटवेच्या सफरीत याची जाहिरात कोणी करत नाही, वास्तविक बंदरातून दिसणारं हेच सर्वांत मोकळं दृश्य आहे.

तेव्हा पनवेलकरांनो, बेत ठरवताना पौर्णिमा सोडा. कार्तिक ते फाल्गुन यातली एखादी शुद्ध नवमी धरा. पाऊणच्या हिशेबाने भरती पावणेसातला. साडेचारला वाऱ्याच्या तोंडावर बाहेर पडा, मेहनत आधी होऊ द्या. परतताना उरलासुरला वारा पाठीशी असेल, शेवटची भरती खाडीत आत ढकलेल, भांगाचे दिवस असल्याने ओढ मवाळ असेल आणि अर्ध्याहून मोठा चंद्र जवळजवळ माथ्यावर असेल. निघण्यापूर्वी भरतीची छापील वेळ बघून घ्या, नावाड्याचा परवाना विचारा, जीवरक्षक जॅकेट अंगात चढवा, नुसतं मांडीवर ठेवू नका. आणि पहिला ग्लास शीड उतरवल्यावर.