जहाजे ओढणारी जहाजे

सन २०२० च्या सप्टेंबर महिन्यात 'विराट' या विमानवाहू जहाजाने मुंबईचे बंदर कायमचे सोडले. भारतीय नौदलातून ते २०१७ साली निवृत्त झाले होते. त्याची लांबी सुमारे सव्वादोनशे मीटर होती, आणि एके काळी त्याच्या पाठीवरून लढाऊ विमाने आकाशात झेपावत असत. परंतु या अखेरच्या प्रवासात ते स्वतःच्या बळावर चालत नव्हते. त्याच्या पुढे एक लहानशी बोट चालली होती, आणि तीच त्या अजस्र जहाजाला दोरखंडाने ओढीत गुजरातच्या किनाऱ्यावरील अलंग येथे नेत होती. जुनी जहाजे मोडण्याचे काम तेथे चालते.

अशा बोटीला बंदरातील लोक 'टग' म्हणतात. आपण तिला ओढबोट म्हणू. हत्तीला मुंगीने ओढून न्यावे तसे हे दृश्य दिसते खरे. पण त्यात जादू काही नाही. तलावात तरंगणारी होडी एखादे लहान मूलही दोरीने काठाकडे ओढून आणते. तीच होडी वाळूवर चढली, की चार माणसांना घाम फुटतो. जमिनीवर वस्तूचे सारे वजन खालच्या मातीवर घासत असते. पाण्यात ते वजन पाणीच तोलून धरते. ओढणाऱ्याला फक्त पाणी बाजूला सारण्यापुरते बळ लावावे लागते, आणि हळूहळू सारले तर पाणी फारसा विरोध करीत नाही. घाई केली, तर मात्र ते चांगलेच अडून बसते. वेग दुप्पट केला, की पाण्याचा विरोध सुमारे चौपट होतो. म्हणूनच ओढबोटीची चाल नेहमी संथ असते.

ही गोष्ट माणसाला फार पूर्वीच उमगली होती. युरोपातील कालव्यांच्या काठाने घोडे चालत आणि त्यांच्यामागे दोराला बांधलेल्या मालाच्या नावा सरकत. रशियातील व्होल्गा नदीवर तर हे काम माणसेच करीत. छातीवर रुंद पट्टे अडकवून, पुढे झुकून, तीरावरून मैलोगणती चालत. आपल्या कोकण किनाऱ्यावर अठराव्या शतकात आंग्रे यांच्या आरमारात गुराबा आणि गलबते अशा दोन प्रकारच्या नौका असत. गुराब मोठी, तोफा वाहणारी आणि शिडांवर चालणारी. वारा पडला, की ती जागच्या जागी खिळून राही. गलबताला मात्र चाळीस-पन्नास वल्ही असत. मग ही गलबते गुराबांना दोर बांधीत आणि वल्हवीत त्यांना शत्रूवर नेऊन घालीत. वाऱ्याची वाट पाहत थांबलेल्या परकीय जहाजांना याचा मोठा धाक असे.

वल्ही आणि घोडे यांची जागा पुढे वाफेने घेतली. १८०३ साली स्कॉटलंडमध्ये विल्यम सिमिंग्टन या यंत्रज्ञाने बांधलेल्या 'शार्लट डंडास' या वाफेच्या बोटीने मालाने भरलेल्या दोन नावा कालव्यातून सुमारे ३० किलोमीटर ओढून नेल्या. समोरून जोराचा वारा वाहत असतानाही तिने हे काम पार पाडले. परंतु तिच्या चाकाने उठणाऱ्या लाटांमुळे कालव्याचे काठ ढासळतील, अशी भीती घालून तिला पुढे काम नाकारण्यात आले. बिचाऱ्या सिमिंग्टनला आपल्या कल्पकतेचे फळ मिळाले नाही. पण ओढबोटींचे युग तेथून सुरू झाले, असे म्हणण्यास हरकत नाही.

येथे एक शंका मनात येईल. ज्या जहाजांची स्वतःची यंत्रे प्रचंड शक्तीची आहेत, त्यांना बंदरात शिरताना ओढबोटीची गरज का भासावी? याचे उत्तर सुकाणूत आहे. सुकाणूवरून पाणी वेगाने वाहत असेल, तरच ते जहाजाला वळवू शकते. बंदरात तर जहाजाला अगदी सावकाश चालावे लागते. वेग मंदावला, की सुकाणू जवळजवळ निरुपयोगी होते, आणि तेवढ्यात वारा किंवा भरतीचे पाणी जहाजाला एका बाजूला लोटू लागते. हजारो टनांचे जहाज धक्क्यावर नुसते टेकले, तरी दगडी बांधकामाला तडे जातात. अशा वेळी दोन-तीन ओढबोटी त्याला वेढतात. एक पुढून ओढते, दुसरी मागून आवरते, तिसरी आपली नाळ त्याच्या कुशीला टेकवून त्याला अलगद धक्क्याकडे लोटते. या कामासाठी ओढबोट बुटकी, रुंद आणि आपल्या आकाराच्या मानाने कितीतरी अधिक बलवान बांधलेली असते. अलीकडच्या अनेक बोटींचे पंखे सर्व दिशांना फिरवता येतात. त्यामुळे त्यांना पुढे, मागे किंवा आडवेही सहज सरकता येते.

ओढण्याचे काम असे फारसे अवघड नाही. अवघड आहे ते ओढलेल्या वस्तूला सांभाळणे. बैलगाडीचा बैल थांबला, की गाडी थांबते. पाण्यावर तसे होत नाही. ओढबोट थांबली, तरी मागचे जहाज आपल्या गतीने पुढे येतच राहते, आणि बेसावध राहिल्यास तिच्यावरच येऊन आदळते. ते आडवे भरकटले, तर दोर ओढबोटीला कुशीवर खेचतो आणि क्षणात पालथी करतो. म्हणून हा दोर ओढबोटीच्या अगदी मागच्या टोकाला न बांधता मध्याच्या जवळ अडकवतात, म्हणजे तिला वळण्यास मोकळीक राहते. आणि संकट आलेच, तर तो तत्काळ सोडून देता येईल अशी सोयही ठेवतात.

खुल्या समुद्रात तर सारी भिस्त या दोरावरच. तो नेहमी ताठ ठेवला पाहिजे, असे पाहणाऱ्यास वाटेल. अनुभवी खलाशी याच्या अगदी उलट करतात. ते शेकडो मीटर लांबीचा, जड दोर सोडतात, आणि तो दोन जहाजांच्या मधे झोळीसारखा पाण्यात लोंबू देतात. लाटेने एक जहाज पुढे फेकले आणि दुसरे मागे खेचले, म्हणजे ही झोळी उथळ होते. लाट ओसरली, की ती पुन्हा खोल होते. अशा रीतीने हिसक्याचे बळ दोराच्या वजनातच जिरते. ताठ दोराला ही सवड नसते, तो तुटतो. तुटलेला दोर चाबकासारखा उलट फिरतो, आणि त्या तडाख्यात सापडलेला माणूस बहुधा वाचत नाही. म्हणून ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणी उभे राहावयाचे नाही, हा खलाशांचा कडक नियम आहे.

एवढी दक्षता घेतली तरी वादळापुढे माणसाची कशी कसोटी लागते, हे एका दगडी स्तंभाच्या प्रवासात दिसून आले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी इजिप्तचा राजा तिसरा थुतमोस याने एकसंध दगडाचा एक उंच चौकोनी स्तंभ उभारला. लोक त्याला 'क्लिओपात्राची सुई' म्हणू लागले. वास्तविक त्या राणीचा आणि त्याचा काही संबंध नव्हता. ती कितीतरी शतकांनंतर जन्मली. १८१९ साली इजिप्तचा शासक महंमद अली याने तो इंग्लंडला भेट दिला. पण २१ मीटर लांबीचा आणि सुमारे दोनशे टन वजनाचा दगड न्यावयाचा कसा? जवळजवळ साठ वर्षे तो अलेक्झांड्रियाच्या वाळूत पडून राहिला.

अखेर इरॅस्मस विल्सन या शल्यवैद्याने पैसा पुरवला आणि जॉन डिक्सन या अभियंत्याने युक्ती काढली. स्तंभ जहाजात चढवण्याऐवजी त्याने स्तंभाभोवतीच जहाज बांधले. पडल्या जागीच त्या दगडाला २८ मीटर लांबीच्या लोखंडी नळकांड्यात बंद करण्यात आले आणि ते नळकांडे लाटण्यासारखे लोळवत समुद्रात ढकलण्यात आले. वाटेतच एका दडलेल्या दगडाने त्याला भोक पाडले आणि आत पाणी शिरले. ते दुरुस्त झाल्यावर त्याला सुकाणू, शीड आणि खलाशांसाठी एक खोली जोडण्यात आली. या विचित्र नौकेचे नावही 'क्लिओपात्रा' असेच ठेवले. तिच्यावर कप्तान कार्टर आणि मोजके खलाशी होते. २१ सप्टेंबर १८७७ रोजी 'ओल्गा' नावाचे वाफेचे जहाज तिला ओढीत निघाले.

१४ ऑक्टोबरला फ्रान्स आणि स्पेन यांच्या लगतच्या बिस्केच्या उपसागरात भयंकर वादळ झाले. तोल राखण्यासाठी 'क्लिओपात्रा'मध्ये लोखंडी रूळ भरले होते. ते एका बाजूला घसरले आणि ती कुशीवर कलंडली. तिच्यावरील माणसांचे प्राण वाचवण्यासाठी 'ओल्गा'वरील सहा खलाशी स्वखुशीने एका लहान होडीत उतरले. खवळलेल्या समुद्राने ती होडी गिळली. सहाही जण परत आले नाहीत. पुढे 'ओल्गा'च्या कप्तानाने मोठ्या शर्थीने कार्टर आणि त्याच्या सोबत्यांना आपल्या जहाजावर घेतले, आणि 'क्लिओपात्रा'ला सोडून देऊन तो त्या सहा जणांच्या शोधात फिरला. ते सापडले नाहीत. परत येऊन पाहतो, तो 'क्लिओपात्रा'ही दिसेना. ती बुडाली, असाच सर्वांचा समज झाला.

पण ती बुडाली नव्हती. निर्मनुष्य अवस्थेत ती लाटांवर तरंगत राहिली. काही दिवसांनी एका मालवाहू जहाजाला ती आढळली आणि त्याने तिला ओढत स्पेनच्या फेरोल बंदरात आणले. तेथे आणखी एक अडचण उभी राहिली. समुद्रात सोडून दिलेली वस्तू वाचवणाऱ्याला मोबदला द्यावा लागतो, असा सागरी कायदा आहे. त्या जहाजाच्या मालकांनी पाच हजार पौंडांची मागणी केली. वाद न्यायालयात गेला आणि दोन हजार पौंडांवर तो मिटला. त्यानंतर 'अँग्लिया' या दणकट ओढबोटीने 'क्लिओपात्रा'ला पुन्हा दोर लावला. २१ जानेवारी १८७८ रोजी दोघी टेम्स नदीच्या मुखाशी सुखरूप पोहोचल्या.

त्याच वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात लंडनमध्ये टेम्सच्या काठी तो स्तंभ उभा करण्यात आला. त्याच्या पायथ्याशी बसवलेल्या एका धातूच्या पाटीवर त्या सहा खलाशांची नावे कोरलेली आहेत. समोरच्या पाण्यातून आजही ओढबोटी ये-जा करतात. त्यांच्यामागे असतात शहराचा केरकचरा भरलेले सपाट तळाचे पडाव, एकामागून एक बांधलेले.